थोरलीने लावलेली चांदणी

माझी थोरली जाऊ शब्दकोशाच्या ऑफिसात नोकरीला होती. असं सांगितलं की लोक म्हणायचे, "अच्छा, म्हणजे लायब्ररीत?" मी म्हणायचे, "नाही हो, शब्दकोश लिहितात तिथे." त्यावर हमखास ठरलेला प्रश्न यायचा, "पण शब्दकोश तर दुकानात तयार मिळतो की!" आता काय डोकं फोडून घ्यायचं? पुढे पुढे मी सरळ सांगायला लागले, ऑफिसात आहे, बसून काम आहे. तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान व्हायचं.

आमचं घर चष्मेवाल्याचं. खाली दुकान, वर आम्ही. दुकान सासऱ्यांनी उभं केलं आणि दोन्ही मुलांना त्यातच घातलं. थोरले, म्हणजे माझे मोठे भावजी, आतल्या खोलीत डोळे तपासायचे. आमचे हे काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे. मी लग्न होऊन आले आणि मला काउंटरवर उभं केलं. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवायची, दांडी कानामागे वाकवायची, "छान दिसतंय हो तुम्हाला" म्हणायचं. हे शेवटचं मला लवकर जमलं. घरातली एकटी थोरली तेवढी सकाळी डबा घेऊन बाहेर पडायची आणि संध्याकाळी बोटांना शाई लावून परत यायची.

लग्नाआधी माझ्या आईने मला चार गोष्टी सांगितल्या होत्या, त्यातली एक, "जावाजावांचा उभा दावा असतो बाई, जपून राहा." मी जपूनच आले. पहिल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात एकटी उभी होते, चहा करायचा होता आणि चहाचा डबा सापडत नव्हता. सासूबाई आधीच गेलेल्या, विचारायचं कुणाला? तेवढ्यात थोरली आली. खांद्यावर पिशवी, चष्मा नाकावर तिरका.

"चहा शोधतेस?"

"हो."

"मलाही माहीत नाही. हे दोघे भाऊ रोज डबे हलवून ठेवतात. चल, शोधू."

आम्ही दोघींनी सगळी फळी खाली काढली. चहा सापडला साबणाच्या डब्यात. मला हसू आवरेना, तिलाही आवरेना, आणि उभ्या दाव्याचा निकाल तिथेच लागला. मी तिला 'ताई' म्हणायचे, 'तुम्ही' म्हणायचे. ती मला भिंगरी म्हणायची, कारण मी काउंटरभर गरगर फिरत असायचे. तिच्या चष्म्याची तर गंमतच होती. चष्म्याच्या दुकानातली सून, पण स्वतःची दांडी कायम सैल, कधी दोऱ्याने बांधलेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. शेवटी मीच दर आठवड्याला तिचा चष्मा काढून घेऊन स्क्रू आवळून द्यायला लागले.

तिच्या सुट्टीच्या एका शनिवारी मी तिला विचारलंच, "ताई, तुम्ही दिवसभर करता तरी काय?"

त्याच दिवशी दुकानात तिघं भावंडं आली होती, दोन भाऊ नि एक बहीण. तिघांचीही नाकं मुळाशी रुंद, बसकी. प्रत्येकाच्या फ्रेमच्या नाकपट्ट्या मला पकडीने तेवढ्याच उघडाव्या लागल्या होत्या. थोरली कोपऱ्यात बसून बघत होती.

"त्यांची आई पाहिलीस का तू कधी?" तिने विचारलं.

"नाही. वारली म्हणत होते, लहानपणीच."

"तिचं नाक कसं असेल?"

"असंच असणार. बसकं."

"झालं तर मग. हेच करते मी."

मग तिने नीट समजावून सांगितलं. हजारो वर्षांपूर्वी काही लोक होते. त्यांची एक बोली होती. लिहिणं त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांचा एकही शब्द कुठे कोरलेला नाही, कुणी ऐकलेला नाही. पण त्यांची मुलंबाळं चहूकडे पांगली आणि ती बोली वेगवेगळ्या तोंडांत वेगवेगळी होत गेली. आता या भाषेतलं नाक, त्या भाषेतलं नाक जवळ ठेवून बघायचं आणि मेलेल्या आईचं नाक काढायचं.

"आणि नाक आईचं नसून बापाचं निघालं तर?" मी म्हटलं.

ती इतकी हसली की चष्मा पडला. "म्हणून तर चांदणी लावतो आम्ही. काढलेल्या शब्दाच्या आधी एक चांदणी. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं, की बाबा रे, हे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, लेकरांवरून काढलंय. कुठे लिहिलेलं सापडलं तरच चांदणी पुसायची."

ती चांदणी मग आमच्या घरात शिरली ती कायमची. 'उद्या देतो' म्हणणारं गिऱ्हाईक म्हणजे चांदणी. भावजी म्हणाले 'आठ वाजता येतो' की सासरे ओरडायचे, "चांदणी!" माझ्या पोरीला परीक्षेत किती मार्क पडतील विचारलं की ती एक आकडा सांगायची आणि हवेत बोटाने चांदणी काढायची. पाहुणे येणार की नाही, नळाला पाणी येणार की नाही, सगळ्याला चांदण्या. बाहेरच्या माणसाला वाटायचं, या घरात सगळे ज्योतिषी आहेत की काय.

तिच्याकडे कोशातला नात्यांच्या शब्दांचा भाग होता. सासू झाली, सून झाली, दीर झाला. मग एके संध्याकाळी ती वर न जाता तशीच दुकानात आली आणि काउंटरवर हात आपटून म्हणाली, "भिंगरी, आज आपण दोघी आलो माझ्या टेबलावर! जाऊ आली."

गिऱ्हाईक समोर उभं. मी म्हटलं, "हळू बोला, ताई." पण ती कुठली ऐकते!

"संस्कृतात यातृ. यात्रेची जत्रा झाली ना, योग्याचा जोगी झाला, तशी यातृची घासत घासत जाऊ झाली. ग्रीकांकडे होती एनातेर. लॅटिनमध्ये यानित्रिकेस, ती सापडते कायद्याच्या एका जुन्या पुस्तकात, आणि तिथेही अनेकवचनातच, एकटी नाहीच. लिथुआनियात येंते, आता जुन्या बायकांच्या तोंडीच उरलेली. आर्मेनियात नेर. सर्बियात येत्र्वा, ती मात्र अजून ठणठणीत आहे. आणि या सगळ्यांची आई, येनातेर, आधी चांदणी. तिच्या पोटात एक 'ह'सारखा आवाज होता, पण तो नेमका कसा काढायचे ते कुणालाच सांगता येत नाही."

"आणि इंग्रजीत?"

"पत्ता नाही. हरवली. नणंद, भावजय, मेव्हणी, जाऊ, सगळ्यांना एकाच पोत्यात कोंबलंय त्यांनी. ग्रीकांचीही पुढे हरवली, पण त्यांना राहवलं नाही. त्यांनी सुनेच्या शब्दावरून नवा केला, 'बरोबरची सून' असा."

ते गिऱ्हाईक बिचारं फ्रेम हातात धरून ऐकत राहिलं. ते गेल्यावर ती जरा शांत झाली आणि म्हणाली, "एक सांगू? हे सगळे शब्द सुनेच्या तोंडचे आहेत. सासू, दीर, जाऊ. नवऱ्याच्या माणसांना बाईने मारायच्या हाका. म्हणजे बघ, कुठल्या तरी घरात एक मुलगी नवी आली. ओळखीचं कुणी नाही. आणि तिच्याआधी तशीच आलेली एक तिथे होती. तिला काहीतरी हाक मारायलाच हवी होती ना हिला?"

"आणि हाक मारून काय विचारलं असेल?"

"चहाचा डबा कुठाय म्हणून."

असे दिवस होते. नंतर सासरे गेले आणि घराला दृष्ट लागली म्हणा, नाहीतर दोन्ही भावांच्या अकलेला गंज चढला म्हणा, मी गंजच म्हणेन.

भांडण झालं ते काचांच्या पेटीवरून. डोळे तपासताना नाकावर ती अवजड गोल फ्रेम ठेवून तिच्यात एकेक काच घालून बघतात, त्या काचांची सासऱ्यांची लाकडी पेटी होती. आत मखमल, प्रत्येक काचेला खाच. भावजींना दुकानात तपासणीचं नवं मशीन आणायचं होतं, आमच्या ह्यांना बाबांची पद्धत बदलायची नव्हती. बोलता बोलता शब्दाने शब्द वाढला. हे म्हणाले, "तुला दुकान नको आहे, सांग ना सरळ." भावजी म्हणाले, "मग ठेव तुझं दुकान." आणि पेटी उचलून निघाले. "बाबांनी ती माझ्या हातात दिली होती," म्हणाले. "चोर," असं हे म्हणाले. सख्ख्या थोरल्या भावाला, गिऱ्हाइकासमोर. तो एक शब्द तोंडातून गेला तो गेला.

भावजींनी शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं, तिकडेच एका मोठ्या दुकानात डोळे तपासायला लागले. इकडचं कुणी तिकडे जायचं नाही, तिकडचं कुणी इकडे यायचं नाही, असं दोघांनी आपापल्या घरात जाहीर करून टाकलं. आम्हाला कुणी विचारलं? छे! आम्ही काय, दाराची बिजागरं.

पण बिजागरं ती बिजागरंच. दर बुधवारी मी 'फ्रेमचा माल बघून येते' म्हणून निघायची आणि थेट थोरलीच्या ऑफिसात जायची. लांबट खोली, भिंतभर लाकडी खण, खणांत कार्डं, आणि खिडकीपाशी तिचं टेबल. शेजारच्या टेबलावर एक काटकुळे गृहस्थ बसायचे. दोन बारीक गोल काचांचा चष्मा, म्हणून सगळं ऑफिस त्यांना विसर्ग म्हणायचं. आम्ही दोघी डबा उघडला की विसर्ग आपली खुर्ची घेऊन कॉरिडॉरमध्ये जाऊन बसत. भला माणूस. मी आधी तिचा चष्मा काढून स्क्रू आवळायची, मग जेवायचं, मग दोघींच्या नवऱ्यांची मनसोक्त निंदा. दोघांनाही हे माहीत होतं बरं का. बुधवारी परत आले की हे पेपरात तोंड घालून विचारायचे, "माल ठीक आहे ना?" मी म्हणायची, "ठीक आहे. जरा खोकला आहे मालाला."

थोरलीला मूलबाळ नव्हतं. तिला काही मागायची सवयही नव्हती. एवढ्या वर्षांत तिने एकच गोष्ट बोलून दाखवली, आणि तीच पुन्हा पुन्हा. "भिंगरी, मला एकदा हे दोघे एका टेबलावर जेवताना बघायचेत. तू वाढतेयस, मी वाढतेय, आणि ते दोघं मूर्खासारखे हसतायत. बस."

मी म्हणायची, "धरून आणू का दोघांना कान पकडून?"

"नको. आपले आपण यायला हवेत."

मी माझ्या परीने प्रयत्न केले. सणासुदीला विषय काढला, पोरीच्या निकालाच्या दिवशी काढला. हे म्हणायचे, "विषय बंद." तिकडे ती भावजींना सांगायची, तिकडेही तेच. दोघांचा स्वभाव एका साच्यातला, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

मग ती बारीक व्हायला लागली. डबा अर्धा परत जायचा. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "पोटात काहीतरी आहे म्हणतात. तपासण्या चालल्यात."

"काहीतरी म्हणजे? गाठ?"

"डॉक्टरांचा अंदाज आहे." आणि तिने हवेत बोटाने चांदणी काढली.

माझा जीव भांड्यात पडला. चांदणी म्हणजे कुणी पाहिलेलं नाही, अजून पुरावा नाही. आमच्या घरात हा शब्द असाच वापरतात, आणि तो आणला होता तिनेच. दुसऱ्या कुणी 'अंदाज आहे' म्हटलं असतं तर मी रिपोर्ट मागितला असता, डॉक्टरला गाठलं असतं. तिने चांदणी काढली आणि मी गप्प बसले. पुढे विचारलं की तेच. "काय झालं?" बोट हवेत, चांदणी. आम्ही हसायचोसुद्धा त्यावर.

नंतर दोन बुधवार तिने फोनवर सांगितलं, काम फार आहे, येऊ नकोस. तिसऱ्या बुधवारी मी न विचारता गेले. टेबल रिकामं. कार्डांचा गठ्ठा नीट बांधून ठेवलेला. विसर्ग मला बघून उभे राहिले.

"बाई तर रजेवर आहेत," ते म्हणाले. "आता त्या येणार नाहीत ना. ऑपरेशन करून उपयोग नाही म्हणाले डॉक्टर, तेव्हाच त्यांनी सगळं माझ्याकडे सोपवलं." माझा चेहरा बघून ते चाचरले. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मी जिना कसा उतरले मला आठवत नाही. थेट तिच्या घरी. त्या घराची पायरी मी तोवर चढले नव्हते. दार तिनेच उघडलं, भिंतीला धरून. गाउनच्या आत बाई उरलीच नव्हती. आणि मी, जी जन्मात तिच्याशी 'तुम्ही'शिवाय बोलले नव्हते, ती दारातच ओरडले, "खोटारडी! चांदणी म्हणालीस मला!"

"आधी आत ये. बस."

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"पहिल्या रिपोर्टापासून."

"म्हणजे चांदणी नव्हतीच."

"नव्हती."

मी तिला नाही नाही ते बोलले. ती ऐकून घेत पलंगावर बसली. दम खाऊन म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू तासाभरात नवऱ्याचं मानगूट धरून तो इथे उभा केला असतास."

"केलाच असता! त्यात वाईट काय?"

"आला असता तो. माझ्या पलंगाच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक, दोघं माझ्याकडे बघत बसले असते. आणि मी गेले की उठून आपापल्या घरी. मरणाऱ्या माणसासमोर कुणीही गोड बोलतं, भिंगरी. तो काही पुरावा नाही. मला वाटलं, आहेत तेवढे महिने वाट बघू. येतीलही आपले आपण."

"आले?"

"नाही."

"मग बस तुझा पुरावा घेऊन!" मी म्हटलं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून भोकाड पसरलं. मांडी कसली, हाडंच. ती माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. म्हणजे बघा, मरत होती ती आणि समजूत घालून घेत होते मी. निघताना तिने माझ्याकडून वचन घेतलं, त्याला सांगायचं नाही. मी "बरं" म्हटलं.

घरी आले आणि ह्यांच्या समोर उभी राहून सगळं सांगून टाकलं. हो, मोडलं वचन. जळो तो पुरावा.

ह्यांच्या हातात काच होती, ती पुसत राहिले. स्वच्छ काच, पुन्हा पुन्हा पुसत राहिले. मग म्हणाले, "वहिनींना जड फ्रेम टोचत असेल आता. कानामागे."

"टोचत असेल. चला, उठा."

"रिकाम्या हाताने कसा जाऊ? इतक्या वर्षांनी?"

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, "अहो, ती बाई चालली, तिला तुमचा हात हवाय, रिकामाच हवाय." पण ह्यांनी ठरवून टाकलं. सगळ्यात हलकी फ्रेम काढली, जी आम्ही कुणाला परवडत नाही म्हणून दाखवतही नव्हतो. "नंबर?" मी विचारलं. म्हणाले, "वहिनींचा नंबर मला पाठ आहे." पातळ काचा मागवायला लागल्या, त्या यायला दोन दिवस. मग घासायला बसले. मी इतक्या वर्षांत ह्यांना इतकं जपून काम करताना बघितलं नव्हतं. कडा हाताने घासल्या, मशीनवर नाही. "रविवारी जातो," म्हणाले. "दुकान बंद असतं. निवांत बसता येईल." शनिवारी केस कापून आले.

शनिवारी दुपारी भावजींचा फोन माझ्या फोनवर आला. हॉस्पिटलात नेलंय, एवढंच म्हणाले. हे तसेच निघाले, चष्म्याची डबी खिशात घालून. आम्ही पोचलो तेव्हा संपलं होतं. भावजी खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. ह्यांना बघून उठले नाहीत, जरा सरकले. हे शेजारी बसले. मी उभीच.

ह्यांनी खिशातली डबी काढून हातात धरली. मग भावजींचं लक्ष डबीकडे गेलं.

"काय आहे?"

"वहिनींचा. हलका केला होता."

भावजींनी डबीतून चष्मा काढला, हाताच्या अंतरावर धरून उजेडाकडे बघितलं, काच हळू फिरवली. सवयच ती. माणूस मेलं तरी हात कुठे ऐकतात? "सिलिंडरचा कोन नीट धरलायस," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "डाव्याचा नंबर जुना आहे रे. डावा बदलला तिचा. दोनदा बदलला."

"मला कुठे ठाऊक?" हे म्हणाले. आणि तो माझा दगडासारखा नवरा दोन्ही हातांत तोंड घालून हुंदके द्यायला लागला. "मला कुठे ठाऊक, दादा?" भावजींनी त्यांना जवळ ओढलं. मी त्यांना तिथेच सोडून आत तिच्यापाशी गेले. तिचा चष्मा काढून ठेवलेला होता. चष्म्याशिवाय ती मला कुणी अनोळखी बाई वाटली.

पुढच्या आठवड्यात भावजी आमच्याकडे जेवायला आले. एकट्या माणसाने काय करायचं घरी? मीच म्हटलं, येत जा. मग रोजच यायला लागले. आधी दोघं खाली मान घालून जेवायचे. मग दुकानाच्या गोष्टी निघाल्या, मग शाळेतल्या मास्तरांच्या नकला निघाल्या. पेटीचं नावही कुणी घेतलं नाही. महिनाभरात असं झालं, की जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. लोक म्हणायचे, बघा, रक्ताची माणसं शेवटी एक होतात. मी मान हलवायची.

परवा टीव्हीवर मॅच होती. दोघं जेवता जेवता बघत होते. कुणीतरी सोपा झेल सोडला आणि दोघं एकदमच ओरडले, एकदमच एकमेकांच्या हातावर टाळी दिली आणि हसत सुटले. तोंडात घास, डोळ्यांत पाणी, मूर्खासारखे हसत होते. हे म्हणाले, "दादा, घे ना अजून, लाजतोस काय?" मी वाढायला आले होते. हातातलं पातेलं मी टेबलावर इतक्या जोरात आपटलं की रस्सा उडाला.

"एवढंच होतं?" मी म्हटलं. "एवढंच करायचं होतं तुम्हाला? यायचं, बसायचं, जेवायचं? एवढ्याला इतकी वर्षं लागली?"

भावजींनी हातातला घास ताटात ठेवला. टीव्ही चालूच.

भावजी म्हणाले, "ती रोज सांगायची. जाऊन ये एकदा, म्हणायची. भाऊच आहे तुझा."

"मग?"

"मला वाटायचं, हा येईल आधी."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान खाली घातली. "मला वाटलं, दादा बोलावेल."

मला वाटलं आता मी ओरडेन, ताटं फेकेन. पण मी तिथल्या रिकाम्या खुर्चीत बसले आणि त्या दोघांच्या समोर, पदर डोळ्यांना न लावता, रडले. हे उठून माझ्या खांद्यावर हात ठेवायला आले. मी तो झटकला.

"तिला हे बघायचं होतं," मी म्हटलं. "मला नव्हतं बघायचं. मला ती हवी होती."